ढीग कुठे गेला

हात थांबले तेव्हा आधी तिला वाटलं, खोलीतल्या गारव्यामुळे असेल. निवृत्तिवेतन कचेरीच्या चौथ्या मजल्यावरच्या त्या खोलीत छताजवळच्या यंत्रातून गार वारा सारखा येत होता, खिडक्या उघडणाऱ्यांतल्या नव्हत्या आणि कोपऱ्यातल्या कुंडीतलं झाड खोटं होतं. पण बोटं आखडलेली नव्हती. ती नुसती थांबली होती, छातीच्या उंचीवर, हवेत, एक तळवा उताणा आणि दुसरा पालथा. गेली वीस-बावीस वर्षं ती सांकेतिक भाषेची दुभाषी म्हणून काम करत होती. ऐकू न येणाऱ्यांचं बोलणं ऐकणाऱ्यांना सांगायचं, ऐकणाऱ्यांचं त्यांना. इस्पितळात, न्यायालयात, शाळांतून. एवढ्या वर्षांत तिचे हात थकले होते, दुखले होते, एकदा एका आईला तिच्या मुलाबद्दलची बातमी सांगताना थरथरलेही होते. पण असे वाक्याच्या मधोमध, रस्ता संपल्यासारखे थांबले नव्हते.

टेबलापलीकडे सल्लागार बाई बसल्या होत्या आणि अलीकडे, दुभाषीच्या समोर, नवरा-बायको. नवरा वाल्व्हच्या कारखान्यात लेथवर होता, पुढच्या महिन्यात निवृत्त होणार होता. त्याला सगळे मिशी म्हणत, म्हणजे ओठावर बोटाने पीळ दिल्याची खूण करत. मिशी त्याने कधीच काढून टाकली होती, पण बहिऱ्यांच्या शाळेत एकदा पडलेलं नाव माणूस सरणावर जाईपर्यंत सुटत नाही. बायकोचं नाव तसंच वेणी. तिचे केस आता मानेपर्यंतही नव्हते. आणि दुभाषीचं स्वतःचं नाव त्या मंडळींत होतं खळी. गालावर बोट टेकवायचं आणि जरा फिरवायचं. खळी अजून शाबूत होती, हसली की पडायची. आत्ता पडली नव्हती.

सल्लागार बाईंनी कागदावरून वाचलं होतं, “वार्षिकीधारकाच्या हयातीपर्यंत दरमहा देय, तद्नंतर दायित्व संपुष्टात.” आवाज छान होता त्यांचा, स्वच्छ, वाक्य मधे कुठे अडखळलं नव्हतं. तोंडाने बोलताना हे जमतं. शब्द उच्चारायला त्याचा अर्थ ठाऊक असावा लागत नाही. जीभ उचलते आणि पुढे ढकलते. हातांचं तसं नसतं. हातांना वस्तू कुठेतरी ठेवावी लागते. तिने डाव्या बाजूला हवेत एक ढीग रचला होता: मिशीचे तीस वर्षांचे पैसे. तो दोन्ही हातांनी उचलून उजवीकडे विमा कंपनीच्या दारात नेऊन ठेवला. मग तिथून दर महिन्याला एक चिमूट मिशीच्या ओंजळीत टाकली, टाकली, टाकली. मग मिशी म्हातारा झाला. मग तिने तळवा उलटा केला: मेला. चिमूट बंद. वाक्य संपलं. आणि वेणीने टेबलावरून जरा पुढे वाकून बोट दाखवलं, नेमकं त्या उजवीकडच्या हवेत, आणि भुवया उंचावल्या. “आणि हा? हा ढीग?”

खळीने तिकडे पाहिलं. ढीग होता खरा. तिनेच ठेवलेला. मिशी मेला होता, चिमूट थांबली होती, आणि दारात तो ढीग तसाच उभा, पाहुणे निघून गेल्यावर राहिलेल्या खुर्चीसारखा. तो उचलून कुठे न्यायचा? कुणाला द्यायचा? तोंडाने सांगितलेल्या वाक्यात तो कधीच विरून गेला होता, कुणाच्या लक्षातही आलं नसतं. तिच्या हातांना मात्र त्याचं काहीतरी करणं भाग होतं, आणि त्यांना माहीत नव्हतं.

“एक विचारते,” ती सल्लागार बाईंना म्हणाली. “मूळ रक्कम कुठे जाते?”

“तद्नंतर दायित्व संपुष्टात येतं.”

“दायित्व येतं. रक्कम?”

बाईंनी कागद पुन्हा वाचला, या वेळी मनात. मग त्या संकोचून हसल्या. “मॅडम, पर्याय एकमध्ये ती परत मिळत नाही. योजनाच तशी आहे. पर्याय दोनमध्ये पत्नीला सुरू राहतं, पण रक्कम कमी बसते.”

“पण का?”

“का म्हणजे...” बाहेर रांग होती. दारातून कुणीतरी दोनदा डोकावून गेलं होतं. मिशी खुर्चीत चुळबुळत होता. त्याला यातलं काहीच नको होतं. त्याला जेवढे एकरकमी मिळतील तेवढे काढून कारखान्यातल्या दोस्ताने सांगितलेल्या माणसाकडे ठेवायचे होते. तो माणूस महिन्याला शेकडा तीन देतो म्हणे. वेणी मात्र ढिगाकडे बोट रोखून बसली होती. खळीने तिच्याकडे वळून कपाळाजवळून हात झटकला. “मला माहीत नाही.” ही खूण तिने हजारो वेळा केली होती, पण दुसऱ्यांच्या वतीने. स्वतःच्या वतीने केली तेव्हा हात किती हलका आणि किती उघडा वाटतो हे तिला नवीन होतं. वेणीने मान डोलावली, जणू हेच उत्तर आजवर कुणी दिलं नव्हतं आणि त्यामुळे त्यातल्या त्यात विश्वास ठेवण्याजोगं होतं. पुढच्या आठवड्यात पुन्हा यायचं ठरलं.

जिन्यावरून उतरताना तिच्या मनात एक विचित्र कुतूहल जागं झालं. दात दुखत नसला तरी जीभ ज्या कुतूहलाने पुन्हा पुन्हा पोकळीत जाते, तसलं. पित्ताशय कुठे असतं, ते काढलं तर काय होतं, हे तिला पाठ होतं. शस्त्रक्रियेच्या आधी माणसांना सांगून सांगून ते तिच्या बोटांत बसलं होतं. जामीन म्हणजे काय, ताबा म्हणजे काय, तिला माहीत होतं. आणि तिचे स्वतःचे पैसे? ते होते. कुठेतरी होते. दादा बघायचा. दर वर्षी दादा कागद घेऊन यायचा, जिथे सही हवी तिथे पेन्सिलीने फुली मारलेली असायची, ती फुलीवर सही करायची, मग दोघं चहा प्यायची. आपल्याला त्यातलं काही कळत नाही असं ती कधी कधी हसून सांगायचीही, खळी पडायची, ऐकणारेही हसायचे. स्वयंपाक येत नाही म्हणून कुणी असं हसून सांगत नाही. पोहता येत नाही म्हणूनही नाही. पैशांचंच अज्ञान एवढं लाडकं का असावं?

पण एके काळी तिला कळत होतं. हे तिला बसथांब्यावर उभी असताना आठवलं, आणि बस येऊन गेली तरी ती उभीच राहिली. आई-बाबा दोघांनाही ऐकू येत नव्हतं. घरात ऐकणारे दोघंच, दादा आणि ती. बाबा छापखान्यात खिळे जुळवायचे, आई कपडे शिवायची, आणि बाहेरच्या जगाशी काही बोलायचं असेल की लेकरांना पुढे करायचे. बँकेतल्या उंच खुर्चीवर तिला बसवलेलं, पाय लोंबकळताहेत, टेबलाच्या काचेखाली कुणाच्या तरी मुलांचा फोटो. साहेब मोठ्या माणसाशी बोलावं तसं तिच्याशी बोलले होते: मुदत ठेव, पाच वर्षं, चक्रवाढ. तिला त्यातला एक शब्द कळला नव्हता. म्हणून तिने विचारत विचारत नेलं. म्हणजे आम्ही पैसे देणार? हो. तुम्ही ते वापरणार? हो. आम्ही मधे मागायचे नाहीत? मागू नयेत. आणि मग? मग जास्त होऊन परत. मग ती आईकडे वळली आणि गालाखाली दोन्ही तळवे घेऊन सांगितलं: पैसे झोपणार. पाच वर्षं झोपणार. मधे उठवायचं नाही. उठतील तेव्हा जाड झालेले असतील. आई एवढी हसली होती की साहेबांनी मान वर केली. आईचं हसू तिला स्वतःला ऐकू यायचं नाही, म्हणून ते मोकळं असायचं. घरात मुदत ठेवीला मग कायम झोपलेले पैसेच म्हणत राहिले. दादा तेव्हा म्हणाला होता, “तू काहीही सांगतेस.” पण बाबांना ते पटलं होतं, आणि बाबांना पटलं की विषय मिटायचा. पुढे शाळेत ती शब्द शिकली. चक्रवाढ लिहायला शिकली, तिचं सूत्र शिकली, परीक्षेत गुणही मिळाले. शब्द हाताशी आले आणि विचारायची गरज संपली. हे ज्ञान वाढणं होतं की कमी होणं, तिला त्या बसथांब्यावर ठरवता येईना.

त्या आठवड्यात ती माणसं न्याहाळत फिरली. भाजीच्या दुकानात पुढे उभा असलेला देखणा गृहस्थ, बिल न वाचताच खिशात कोंबणारा. ह्याला माहीत असेल का त्याचा ढीग कुठे आहे? दाताच्या डॉक्टरीणबाई, एवढ्या ठाम हातांच्या. ह्यांनाही कुणी फुल्या मारून देत असेल का? वीज कशी येते हे न कळता माणूस दिवा लावतोच की. मग पैशांचंच एवढं कळायला कशाला हवं? किती कळलं म्हणजे पुरे? शेवटी ती आपल्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या निवृत्त प्राध्यापकांकडे गेली. गणिताचे होते. प्रश्न ऐकून त्यांच्या आनंदाला भरतंच आलं. त्यांनी जुन्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर वक्र रेषा काढल्या, सरासरी आयुर्मान काढलं, आणि मधेच पेन्सिल ठेवून म्हणाले, “अहो, साधं आहे. लवकर मेलेल्यांचं उशिरा मरणारे खातात. हजार म्हातारे एकत्र येऊन आपापले ढीग एका ठिकाणी ओततात. कोण किती जगणार हे एकेकट्याचं कुणालाच ठाऊक नाही. पण हजारांचं मिळून जवळजवळ ठाऊक असतं. म्हणून शंभरीपर्यंत जगणाऱ्याला मरेपर्यंत मिळतं. कुठून? जो साठीला गेला त्याच्या ढिगातून.”

ती थक्क होऊन बसली. एवढी सुंदर, एवढी भयंकर गोष्ट त्या संपुष्टात नावाच्या शब्दामागे दडली होती आणि कागदावर तिचा मागमूस नव्हता. उठताना तिने सहज विचारलं, “मग तुम्ही तुमचे पैसे असेच ठेवलेत?”

“माझे?” प्राध्यापक गडबडले. “माझे ते... साध्या खात्यातच आहेत सगळे. बघायचं बघायचं म्हणतो. वेळच होत नाही.” आणि त्यांनी त्या सुंदर वक्र रेषांवर चहाचा कप ठेवला.

रविवारी सकाळी ती दादाकडे गेली. दार वहिनीने उघडलं, नेहमीसारखं “ये गं” म्हणाली आणि आत वळली. दादा वर्तमानपत्र वाचत होता. ती बसली, पाणी प्याली आणि म्हणाली, “दादा, माझे पैसे कुठे आहेत?”

वाक्य तोंडातून निघाल्यावर तिला ते ऐकू आलं. दादाने वर्तमानपत्राची घडी घातली. एकदा घातली, मग आणखी एकदा. “का? काय झालं?”

“काही नाही झालं. मला समजून घ्यायचंय.”

“कुणी काही बोललं का तुला?”

“कोण बोलणार?”

“इतकी वर्षं बघतोय. एक पैसा इकडचा तिकडे केला नाही. हिशेब मागायला आलीस?”

“हिशेब नाही रे. अर्थ मागते आहे.”

ते त्याला कळलं नाही. कळलं असेल तर ऐकायचं नव्हतं. तो आत गेला आणि एक जाड कापडी पिशवी आणून टीपॉयवर ठेवली, ठेवली म्हणजे जवळजवळ आपटलीच. तिला वाईट वाटलं. वाटण्या कधी झाल्या नव्हत्या त्यांच्यात, पण लहानपणीच एक वाटणी झाली होती: भाषा तुझी, पैसे माझे. आई-बाबांचं बोलणं ती वाहायची, घराचा खर्च तो. बाबा गेले, मग आई गेली, तिचं लग्न झालं आणि मोडलं, वाटणी तशीच राहिली. ती त्याच्या पैशांत हात घालत होती असं नव्हे. ती पैशांच्या भाषेत, त्याच्या वाट्यात, हात घालत होती, आणि तेच त्याला झोंबलं होतं.

तो सांगू लागला. हे बाँड, हे अमुक, हे तमुक, हे करसवलतीचं. ती म्हणायची, “म्हणजे?” तो आणखी एक शब्द सांगायचा. ती पुन्हा म्हणायची, “म्हणजे?” त्याचा आवाज चढला. वहिनी दारात येऊन उभी राहिली. तेव्हा कसं कोण जाणे, लहानपणी दोघं जशी भांडायची तशी, त्यांचे हात बोलू लागले. कुणी आधी सुरू केलं ते दोघांनाही सांगता आलं नसतं. दादाचे हात गंजले होते, खुणा जुन्या पद्धतीच्या, बाबांच्या वळणाच्या. त्याने पॉलिसीचा कागद उचलला, वाचला, खाली ठेवला आणि सांगायला गेला. तू दर वर्षी देतेस. ती: कुणाला? तो: कंपनीला. ती: मग मला कधी? त्याचे हात उठले. ‘पॉलिसीधारकाच्या मृत्यूपश्चात नामनिर्देशित व्यक्तीस’ असं कागदावर होतं. हातांना मृत्यूपश्चात सांगता येत नाही. त्याने तिच्याकडे बोट केलं. तळवा उलटा केला. आणि मग बोट स्वतःच्या छातीकडे वळवलं.

तू मेलीस. मग मला.

बोट तिथेच राहिलं. दादाने आपल्या बोटाकडे पाहिलं, जणू ते दुसऱ्या कुणाचं होतं. त्याचा चेहरा पांढरा पडला. “अगं, तसं नाही,” तो तोंडाने म्हणाला. “कुणाचं तरी नाव घालावं लागतं. तेव्हा तुझं... तू एकटी होतीस...”

“मला माहीत आहे तसं नाही,” ती म्हणाली. तिला खरंच माहीत होतं. पण तिला त्याहून वेगळंच जाणून घ्यायचं होतं. “मी गेल्यावर कुणाचं काही अडणार आहे का, दादा? माझ्यावर कुणी अवलंबून आहे?”

“नाही.”

“मग मी हे का भरते?”

दादाने पॉलिसीचा कागद उलटून पाहिला. मग म्हणाला, “बाबांचा तो मित्र नव्हता, चष्मेवाला? विम्याचं काम करायचा तो. तो म्हणाला, दोघांचीही काढून टाका, चांगली आहे. तुझी काढली, माझी काढली.” आणि जरा थांबून, “चांगली म्हणजे काय, मी कधी विचारलं नाही. तू माझ्यावर सोडून दिलंस. मला वाटायचं, मला कळतं. मी चष्मेवाल्यावर सोडून दिलं.” चष्मेवाला कुणावर सोडत होता देव जाणे. तिला हसू फुटलं. दादाला आधी राग आला, मग तोही हसला, बाबांसारखं, खांदे हलवत, आवाज न करता. वहिनी दारात उभी होती. तिने एकाकडून दुसऱ्याकडे पाहिलं, काही विचारलं नाही, चहाचे कप उचलले आणि आत गेली.

ठरलेल्या दिवशी पुन्हा तीच गार खोली. खळीने ढीग डावीकडे रचला, उजवीकडे नेला. पण या वेळी कंपनीच्या दारात तिने आणखी ढीग आणले: शेजाऱ्याचे, अनोळख्यांचे, सगळे एका राशीत ओतले. मग राशीभोवती म्हातारे बसवले. एक गेला, त्याची चिमूट थांबली, रास तशीच. दुसरा गेला. एक म्हातारी बसूनच आहे, घेतेच आहे, घेतेच आहे. वेणी एकटक पाहत होती. खळीने सल्लागार बाईंनाही तोंडाने तेच सांगितलं, बरोबर आहे ना म्हणून. बाईंनी पेन खाली ठेवलं होतं. “बरोबर आहे,” त्या हळूच म्हणाल्या. “आम्हाला प्रशिक्षणात असं नव्हतं सांगितलं. पण बरोबर आहे.”

“म्हणजे मी लवकर मेले तर माझं कुणी दुसरी म्हातारी खाणार?” वेणीने विचारलं.

दुभाषी दुसऱ्याचं बोलणं ‘मी’ म्हणूनच सांगते, तसा नियम आहे. त्यामुळे खळीच्या तोंडून, तिच्या आवाजात निघालं, “मी लवकर मेले तर माझं कुणी दुसरी म्हातारी खाणार?” आणि सल्लागार बाई क्षणभर खळीकडेच सहानुभूतीने पाहत राहिल्या.

“हो. आणि तुम्ही जास्त जगलात तर तुम्ही तिचं,” त्या म्हणाल्या.

वेणीला हे फारच आवडलं. “मग मी जगणार,” तिने जाहीर केलं. “हा आधी जाईल. ह्याच्या आईकडचे सगळे लवकर गेले.”

“तू आधी,” मिशी म्हणाला. “तुला दम लागतो.”

“मी जिना चढले, तू लिफ्टने आलास.”

टेबलावरून हात उडू लागले. खळी दोघांचंही बोलत होती, एकाच तोंडाने: तू आधी मरशील, नाही तू, तू मेल्यावर मी काय खाणार, तुझ्या बहिणीकडे जा, मी नाही जाणार. बाहेरच्या रांगेतल्या कुणी ऐकलं असतं तर एक बाई खोलीत बसून स्वतःशीच मरणाची बोली लावते आहे असं वाटलं असतं. आणि हे बोलता बोलता तिला जाणवलं की कागदावरचे सगळे पर्याय, एक, दोन, तीन, हे मुळात एवढ्या एकाच प्रश्नाचे होते: तू आधी की मी. तो प्रश्न विचारायला कोणतंही ज्ञान लागत नाही. लागतं ते दुसरंच काहीतरी. आणि तो न विचारता राहण्यासाठी माणसं किती शब्द शिकतात.

मग मिशीने टेबलावर थाप मारून दोघींना थांबवलं. हे सगळं राहू दे, तो म्हणाला. माझ्या दोस्ताचा माणूस महिन्याला शेकडा तीन देतो. चार महिने दिले त्याने, दोस्ताने हातात घेतले.

“कशातून देतो तो?” सल्लागार बाईंनी विचारलं.

“देतो.” मिशीने खूण केली. देण्याची खूण कुठून तरी निघावी लागते. त्याची त्या माणसाच्या जागेपासून निघाली आणि स्वतःशी आली. वेणीने त्या जागेवर बोट ठेवलं. त्याच्या आधी? त्याला कोण देतं? मिशीचा हात मागे गेला. तो माणूस काही करत होता का? कारखाना? दुकान? हाताला ठेवायला काही सापडेना. खळीला दिसत होतं की हात आता मिशीच्या दोस्ताकडेच जाणार, दुसरी जागाच नव्हती. तिच्या तोंडाशी शब्द आले. पण दुभाषी सल्ला देत नाही. तोही नियम आहे. तिने मांडीवर हात दाबून धरले. मिशीचा हात फिरत फिरत गेला आणि दोस्तापाशी थांबला. दोस्ताकडून त्या माणसाला, त्या माणसाकडून दोस्ताला. त्याने ते पुन्हा करून पाहिलं, जरा सावकाश. मग हात मांडीवर घेतला आणि खिडकीबाहेर पाहू लागला.

त्यांनी पर्याय दोन घेतला, दोघांच्या हयातीचा, कमी चिमटीचा. एकरकमी जे निघालं त्यातलं थोडं मिशीने त्या माणसाकडे ठेवलंच. दोस्ताचं मन मोडवेना म्हणाला. ते गेले की आहेत हे अजून कळलेलं नाही. तो माणूस अजून हसून दार उघडतो. बाकीचे वेणीने ठेवले आहेत, आणि कुठे ठेवलेत हे मिशीला सांगता येतं. वेणी त्याच्याकडून दर आठवड्याला म्हणवून घेते.

खळीने पॉलिसी बंद केली. भरलं त्याहून कमी परत मिळालं, आणि किती कमी, का कमी, हे खिडकीवरच्या माणसाला चार वेळा विचारून समजून घेतल्यावर तिला ते फारसं लागलं नाही. दादाने पिशवी तिच्या हवाली केली. देताना त्याचा हात हलका झाला की रिकामा, हे तिला सांगता आलं नसतं. बाकीच्या कागदांवर जिथे वारसाचं नाव घालायचं होतं तिथे तिने दादाचंच राहू दिलं. फरक एवढाच की आता ते तिने ठेवलेलं होतं.

मग एका दुपारी वहिनी आली. एकटी, फोन न करता. वहिनी या घरी आली होती ती नेहमी दादाबरोबर, पाहुणी म्हणून. खुर्चीच्या कडेवर बसायची. आज ती नीट मागे टेकून बसली आणि म्हणाली, “मला शिकव.”

“पैशांचं?” खळीने विचारलं. पिशवी तिथेच होती, ती आणायला खळी उठलीही.

“नको ते. हातांचं.”

खळी पुन्हा बसली.

“लग्न होऊन आले तेव्हा तुमच्या घरात सगळे हातांनी बोलायचे,” वहिनी म्हणाली. “सासूबाई कधी कधी सांगायच्या काहीतरी, मी मान हलवायची. म्हटलं, तुझा दादा आहे ना सांगायला. तो सांगायचाही. मग त्या गेल्या आणि शिकायचं राहिलं. त्या रविवारी तुम्ही दोघं हातांनी बोलत होतात ना, मी दारात होते. मला एक शब्द कळला नाही. पण मी त्याचा चेहरा बघितला. त्याला उत्तर येत नव्हतं. इतक्या वर्षांत त्याला उत्तर येत नाही असं मी बघितलंच नव्हतं गं.”

“मग?”

“मग काल मीही विचारलं. आपलं काय काय आहे म्हणून. तो रागावला नाही. जवळ बसवून सांगितलं, चांगलं अर्धा तास. प्रेमाने सांगितलं. आणि मी उठले तेव्हा माझ्या हातात काहीच नव्हतं.” तिने आपले दोन्ही तळवे पाहिले. “खोटं बोलत नाही तो. पण तोंडाने निसटतो. त्याचं त्यालाही कळत नसेल. मला त्याला हातांनी विचारायचंय.”

खाली रस्त्यावर कुणाची तरी गाडी सुरू होत नव्हती, पुन्हा पुन्हा घरघरत होती. खळीच्या मनात खुणांची रांग लागली: घर, बँक, कर्ज, सही, किती, कुठे, केव्हा. मुळाक्षरांपासून सुरुवात करावी, सगळ्यांना ती तशीच शिकवायची. तिने वहिनीचा उजवा हात हातात घेतला. भांड्यांनी खरखरीत झालेला, ऊबदार, जरा ओलसर हात. आपण या हाताला इतक्या वर्षांत कधी नीट धरलेलं नाही, हे तिच्या लक्षात आलं. तिने त्याची बोटं एकेक करून मिटली, पहिलं तेवढं उघडं ठेवलं, आणि मनगटातून हात हळूच वळवून ते बोट वहिनीच्याच छातीवर टेकवलं.

“हे काय?” वहिनीने विचारलं.

“मी.”

“एवढंच?”

“आधी एवढंच.”

वहिनीने मान खाली घालून आपल्या बोटाकडे पाहिलं. खळीने हात सोडला. बोट क्षणभर अधांतरी राहिलं, मग वहिनीने आपलं आपण ते पुन्हा टेकवलं, गरजेपेक्षा जास्त जोराने.